मामीच्या रिपोर्टवरचा ‘थ्री प्लस’ आणि कॅन्सरची नवी औषधे

म्हादईकाठ | ८ फेब्रुवारी, रात्री ९.४०

गेले वर्षभर माझे इथे येणे जवळजवळ बंदच होते. मामीला स्तनाचा कॅन्सर निघाला आणि अख्खे घर तिच्या तारखांवर चालू लागले. परवा तिचे अठरावे इंजेक्शन झाले, हे शेवटचे. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातून (गोमेकॉतून) परत आल्यावर चहासुद्धा न घेता ती कुळागरात गेली आणि पोफळींना पाणी लावून आली. माघातले ऊन तापायला लागले आहे, दोन दिवस पाणी चुकले की तिचा जीव वर-खाली होतो. तिला पाटाच्या कडेला उभी पाहिली आणि वाटले, आता हे सगळे लिहावे. आम्हाला वर्षापूर्वी हे कुणी सांगितले असते तर निम्मी रडारड वाचली असती.

मामी साखळीच्या आरोग्य केंद्रात साखरेच्या गोळ्या आणायला गेली होती. तिथल्या सिस्टरने आग्रह करून छाती तपासून घेतली. (आपल्याकडे आरोग्य केंद्रांतून बायकांची ही तपासणी २०२१ पासून ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ या नावाने सुरू झाली. क्रिकेटपटू युवराज सिंग यांची संस्था त्यात सरकारबरोबर आहे.) डाव्या बाजूला आवळ्याएवढी गाठ. मामीला ती चार महिने हाताला लागत होती. दुखत नव्हती म्हणून कुणाला बोलली नाही. दुखत नाही म्हणजे काही नाही, असे तिला वाटले, आणि खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले असते.

गोमेकॉत जाड सुईने गाठीचा तुकडा काढला. बारा दिवसांनी रिपोर्ट आला. पहिल्या ओळीत कॅन्सर आहे एवढे वाचून मामांनी कागद घडी घालून खिशात टाकला. पण डॉक्टरांनी तो परत मागून घेतला आणि खालच्या तीन ओळींवर बोट ठेवले. ईआर निगेटिव्ह. पीआर निगेटिव्ह. हर-टू थ्री प्लस. मग मामीकडे बघून म्हणाले, “ही गांठ मातशी रागीश्ट. पूण तिचें वखद आमच्याकडेन आसा.” म्हणजे गाठ जराशी रागीट आहे, पण तिचे औषध आमच्याकडे आहे.

त्या तीन ओळी म्हणजे काय, हे समजून घ्यायला मला पुढचे दोन महिने लागले. थोडक्यात सांगते. स्तनाचा कॅन्सर हा एक आजार नाही. काही गाठी बाईच्या शरीरातल्या हार्मोनवर पोसतात, ते ईआर-पीआरवरून कळते. काही गाठींच्या पेशींवर हर-टू नावाचे प्रथिन बेसुमार असते. ‘वाढ’ हा निरोप घेण्याचे त्याचे काम. साध्या पेशीवर ते हजारांत असते, या गाठींच्या पेशींवर लाखांत. त्यामुळे पेशीला रात्रंदिवस एकच हाक ऐकू येत राहते. शंभर बायकांतल्या साधारण पंधरा ते वीस जणींची गाठ अशी असते. १९८७ मध्ये अमेरिकेत डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की या गाठी लवकर उलटतात. तेव्हा हर-टू लिहून आले की डॉक्टरांचे तोंड उतरायचे. मग १९९८ मध्ये ट्रास्टुझुमॅब आले. हे औषध त्या प्रथिनालाच जाऊन चिकटते. ज्या खुणेमुळे गाठ भयंकर ठरत होती, तीच खूण औषधाला पत्ता सांगणारी ठरली.

मामीला ट्रास्टुझुमॅब आणि त्याच प्रथिनावर काम करणारे पर्टुझुमॅब अशी दोन्ही औषधे एकाच इंजेक्शनात मिळाली, तीही सलाइनमधून नव्हे तर मांडीत, कातडीखाली. हे एकत्र इंजेक्शन अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झाले. आपल्या गोव्यात २०२४ पासून सरकार ते मोफत देते, आणि असे करणारे गोवा देशातले पहिले राज्य. बाहेर विकत घ्यायचे म्हटले असते तर मामांनी कुळागर विकायला काढले असते, हे मी अंदाजाने नाही म्हणत. त्यांनी गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली होती.

पहिल्या वेळेला आठ मिनिटे लागतात, पुढे पाच. सिस्टर खुर्ची ओढून शेजारी बसायची, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत हळूहळू औषध सोडायची आणि मामीला विचारायची, “आयज कितें रांदलां गो?” मामी सांगेपर्यंत सुई बाहेर. पहिल्या सहा वेळांना मात्र सोबत केमोही होती, आणि ती मात्र केमोच होती. केस गेले, तोंड आले. पेजेचे निवळसुद्धा झोंबायचे. दर तीन महिन्यांनी हृदयाचा एको, कारण हे औषध काही जणींच्या हृदयाचा जोर कमी करते. त्यात कुणी टाळाटाळ करू नये.

जूनमध्ये ऑपरेशन झाले. काढलेल्या भागाचा रिपोर्ट आला तेव्हा गाठीच्या जागी कॅन्सरची एकही जिवंत पेशी नव्हती, काखेतल्या गाठींतही नाही. डॉक्टरांनी तो कागद मामांना दोनदा वाचून दाखवला. पेशी उरल्या असत्या तरी पुढचे औषध होते. २०१८ मध्ये निकाल आलेल्या एका मोठ्या अभ्यासात ते दिल्यावर आजार उलटण्याचा धोका निम्म्यावर आला होता. म्हणजे रस्ता तिथे संपत नव्हता. हे आधी माहीत असते तर त्या रिपोर्टची वाट बघतानाचे पंधरा दिवस आम्ही जेवलो असतो.

मला एकच गोष्ट कळकळीने सांगायची आहे. नवी औषधे खूप आली आहेत, पण ती ‘कॅन्सरवर’ आलेली नाहीत, ती एकेका खुणेवर आली आहेत. ती खूण तुमच्या माणसाच्या गाठीत आहे की नाही हे रिपोर्टमध्ये लिहिलेले असते, किंवा लिहिलेले असायला हवे. तेव्हा “कॅन्सर कुठल्या स्टेजचा?” एवढे विचारून थांबू नका. “खुणा कुठल्या तपासल्या?” हेही विचारा.

तुमचे अनुभव लिहा.


काणकोणची नमिता | ८ फेब्रुवारी, रात्री १०.५५

ताई, वाचून मामींना मनापासून नमस्कार करावासा वाटला. आमच्या दिरांना गुदाशयाचा कॅन्सर आहे, डिसेंबरात कळले. घरच्या ग्रुपवर रोज एक मेसेज फिरतो, की डोस्टार्लिमॅब नावाच्या औषधाने सगळे पेशंट शंभर टक्के बरे झाले, ऑपरेशनही लागले नाही. सासूबाई म्हणतात, जमीन विकू पण तेच औषध आणू. खरे काय आहे?


हिस्टोवाला | ९ फेब्रुवारी, सकाळी ७.१५

नमिताताई, मी फोंड्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, डॉक्टर नव्हे. पण तुकडे आमच्याच हातांतून जातात, त्यामुळे एवढे खात्रीने सांगू शकतो.

ती बातमी खोटी नाही, अर्धी आहे. २०२२ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयाने बारा रुग्णांचा निकाल छापला. बाराही जणांची गाठ नाहीशी झाली, केमो नाही, रेडिएशन नाही, ऑपरेशन नाही. पुढे जास्त रुग्णांतही तसेच दिसले. पण ते सगळे रुग्ण एका ठरावीक प्रकारचे होते. पेशी दुप्पट होताना डीएनएची नक्कल उतरवली जाते, त्यात चुका होतात, आणि त्या दुरुस्त करणारी यंत्रणा प्रत्येक पेशीत असते. या रुग्णांच्या गाठींत ती यंत्रणाच बिघडलेली होती. त्यामुळे गाठ चुकांनी भरलेली, म्हणून शरीराच्या संरक्षक पेशींना ती परकी वाटते, आणि औषधाने त्यांच्यावरचा लगाम काढला की त्या गाठीवर तुटून पडतात. हा लगाम शोधल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये असा प्रकार शंभरात पाच ते दहा जणांचाच असतो. उरलेल्यांना केमो, रेडिएशन, ऑपरेशन हाच रस्ता आहे, आणि तो चांगला रस्ता आहे.

तेव्हा जमिनीचा विचार करण्याआधी दिरांच्या डॉक्टरांना एवढेच विचारा, “एमएमआर तपासले आहे का?” एमएमआर म्हणजे ती चुका दुरुस्त करणारी यंत्रणा. ही तपासणी त्याच तुकड्यावर होते, पुन्हा टोचावे लागत नाही.

म्हादईताईंनी हर-टू लिहिले आहे त्यात एक भर. आम्ही हर-टूला शून्य, वन प्लस, टू प्लस, थ्री प्लस असे गुण देतो. थ्री प्लस म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर प्रत्येक पेशीभोवती गडद तपकिरी रेघ, जशी तव्यावर आंबोळीची कडा भाजून निघते तशी. टू प्लस म्हणजे रेघ आहे पण फिकी. तिथे आम्ही हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. तो नमुना फिश तपासणीला जातो आणि जनुकाच्या प्रती मोजल्या जातात. टू प्लस वाचून कुणी थांबले तर ते अर्ध्यावरच थांबले.

आणि वन प्लस? अगदी आतापर्यंत आम्ही ‘निगेटिव्ह’ लिहून पुढच्या काचेकडे वळायचो. २०२२ मध्ये ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकन या औषधाचा निकाल आला, आणि पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये वन प्लसवाल्या आणि फिश निगेटिव्ह आलेल्या टू प्लसवाल्या बायकांनाही फायदा दिसला. या औषधात त्याच ट्रास्टुझुमॅबच्या पाठीवर केमोचे रेणू बांधलेले असतात. ते पेशीत शिरते, केमो आत सोडते आणि ती शेजारच्या पेशींपर्यंतही झिरपते. म्हणून खुणा थोड्या असल्या तरी चालते. औषध महाग आहे. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात त्यावरचे सीमाशुल्क काढले, तरी महागच आहे. पण त्या दिवसापासून आमच्या लॅबमध्ये वन प्लस लिहिताना दुसऱ्या माणसाची नजर घेतात. आमची एक फिकी रेघ आता कुणाचे तरी औषध ठरवते.


उसगावचा | ९ फेब्रुवारी, दुपारी १.३०

बाबांबद्दल लिहितो. ते खाणीवरच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. रात्रीची ट्रिप, झोप येऊ नये म्हणून तंबाखू. गोव्यात गुटख्यावर बंदी २००५ मध्येच आली, पण पुडी बंद झाली तरी तंबाखू-चुना होताच. खाणी थांबल्या, ट्रक विकला, सवय राहिली. गालाच्या आत पांढरा चट्टा आला, मग जखम. एका खाजगी दवाखान्यात सहा महिने तोंड आल्याची औषधे दिली. नाव लिहीत नाही, पण ते सहा महिने मला कुणी परत आणून देणार नाही. एवढेच सांगतो, तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर तुकडा काढून तपासा म्हणून हटून बसा.

ऑपरेशन झाले, रेडिएशन झाले, दीड वर्षाने परत आला. तेव्हा आम्ही मुंबईला टाटाला नेले. थिवीहून संध्याकाळची कोकणकन्या, पहाटे दादर. कॅन्सर पेशंटला स्लीपरमध्ये आणि थ्री-टियर एसीत पूर्ण भाडे माफ असते आणि सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत. रुग्णालयाचा फॉर्म मात्र सोबत हवा. आम्ही पहिल्या दोन खेपा पूर्ण भाडे भरून केल्या, कारण कुणी सांगितलेच नाही.

तिथल्या डॉक्टरांनी निव्होलुमॅब सुचवले. हेही लगाम काढणाऱ्या औषधांपैकी. पूर्ण मात्रा परवडणे शक्य नव्हते, आमच्यासारख्या शंभरात दोघा-तिघांनाही नसेल. पण टाटाच्याच डॉक्टरांनी एक अभ्यास केला होता, २०२२ मध्ये छापला. पुन्हा उलटलेल्या किंवा पसरलेल्या डोके-मानेच्या कॅन्सरचे १५१ रुग्ण घेतले. निम्म्यांना तोंडावाटे द्यायच्या साध्या, स्वस्त गोळ्या, निम्म्यांना त्याच गोळ्या आणि वर निव्होलुमॅब, पण फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. नेहमीच्या मात्रेच्या दहा टक्केही नाही. वर्षभराने नुसत्या गोळ्यांवरचे शंभरात १६ जिवंत होते, इंजेक्शनवाले शंभरात ४३.

हा आकडा मी पाठ केला होता. लोकांना ४३ कमी वाटतील. आम्ही १६ च्या बाजूला उभे होतो, आम्हाला ४३ म्हणजे गणेशचवथ दिसत होती. बाबांना चौदा महिने मिळाले. त्या वर्षीची माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळांची चौकट, त्यांनी खुर्चीत बसून बांधून घेतली, कुठले फळ कुठे लावायचे ते हाताने दाखवत, कारण बोलता येत नव्हते.

औषध नवे शोधणे मोठेच आहे. पण तेच औषध आपल्या खिशाला झेपेल एवढ्या मात्रेत चालते का, हे तपासायला कुठली परदेशी कंपनी कशाला येईल? ते आपल्याच डॉक्टरांनी करायला हवे होते आणि त्यांनी केले. त्या माणसांचा मी जन्मभर ऋणी आहे.


म्हादईकाठ | ९ फेब्रुवारी, सायंकाळी ६.०५

दादा, तुमचा माटोळीचा मजकूर मामीला वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, त्यांच्या आईला सांग, मी विचारले म्हणून.


ओटीतली सिस्टर | ९ फेब्रुवारी, रात्री ८.२०

उसगावच्या दादांनी शेवटी जे लिहिले त्याला धरूनच सांगते. टाटाचाच आणखी एक अभ्यास आहे, डॉ. राजेंद्र बडवे यांचा, २०२३ मध्ये छापून आला. देशातली अकरा रुग्णालये, सुमारे सोळाशे बायका. स्तनाच्या गाठीचे ऑपरेशन सुरू करायच्या सात ते दहा मिनिटे आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचायचे. लिग्नोकेन म्हणजे दात काढताना जे भूल द्यायला टोचतात तेच. गाठीला हात लागला, सुरी लागली की काही पेशी बिथरून निसटतात, त्यांना त्या काही मिनिटांत बधिर करून ठेवायचे, असा विचार. पाच वर्षांनी इंजेक्शन न दिलेल्यांत शंभरात ८६ हून थोड्या जास्त जिवंत होत्या, दिलेल्यांत ९०. खर्च शंभर रुपयांच्या आसपास.

मी अठरा वर्षे ऑपरेशन थिएटरमध्ये उभी आहे. लिग्नोकेनची बाटली माझ्या ट्रेमध्ये रोजच असते. तो पेपर वाचला त्या दिवशी ती बाटली हातात घेऊन नुसती बघत राहिले.


आबोली टीचर | १० फेब्रुवारी, सकाळी ६.५०

माझा प्रश्न लहान आहे. पेडण्यात शिकवते. मुलगी अकरा वर्षांची. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस द्यावी का? सासरची मंडळी म्हणतात, एवढ्या लहान मुलीला असली लस कशाला, लोक काय म्हणतील.


ओटीतली सिस्टर | १० फेब्रुवारी, दुपारी ३.१०

टीचर, द्या. माझ्या दोन्ही भाच्यांना मी स्वतः नेऊन दिली.

हा कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतो, हे हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी दाखवले, त्याबद्दल त्यांना २००८ चे नोबेल. त्यातल्या १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळेच शंभरातले सुमारे ७० कॅन्सर होतात. लस विषाणू शिरायच्या आधी द्यायची असते, म्हणून वय ९ ते १४. मुलीच्या वागण्याशी याचा काही संबंध नाही, गोवराची लस देताना आपण तिच्या वागण्याचा विचार करतो का? पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने सर्व्हाव्हॅक ही आपली लस २०२३ च्या जानेवारीत आणली, त्यामुळे किंमतही उतरली.

एका डोसबद्दल ऐकले असेल. तेही आपल्याच मुलींमुळे कळले. २०१० मध्ये भारतातला एक मोठा अभ्यास मध्येच थांबवावा लागला आणि हजारो मुलींना ठरलेल्या डोसांपैकी एकच मिळाला. संशोधकांनी त्या मुलींना सोडून दिले नाही, दहा वर्षे त्यांच्या मागावर राहिले. आपल्या बार्शीचे रुग्णालयही त्यात होते. एका डोसनेही १६ आणि १८ च्या चिवट संसर्गापासून ९५ टक्के संरक्षण दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका डोसलाही मान्यता दिली.

आणि सासूबाईंसाठीही एक गोष्ट आहे. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांत लाखाहून जास्त बायकांवर अभ्यास झाला. तिशी ते साठीच्या बायकांची आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी केली, तरी या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ मध्ये ते छापून आले, आज जगभर त्याचा दाखला देतात. मुलीला लस द्यायला न्याल त्याच दिवशी सासूबाईंना आणि स्वतःलाही तपासून घ्या.


सत्तरीचा सुदेश | १० फेब्रुवारी, रात्री ९.००

आमच्या वाड्यावरच्या बावीस वर्षांच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर आहे. केमो झाली, आजार उलटला. कार-टी म्हणून काही भारतात मिळते म्हणतात. आणि दुसरे, आमच्याकडे एक वयस्क बाई झाडपाल्याचे औषध देते, तिचा गुण येतो असे लोक सांगतात. घरचे दोन्हीकडे बघत आहेत.


हिस्टोवाला | ११ फेब्रुवारी, सकाळी ७.३०

सुदेश, मिळते. आयआयटी मुंबई आणि टाटा यांनी मिळून केले आहे, नाव नेक्सकार-नाइंटीन. २०२३ च्या ऑक्टोबरात परवानगी मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटीत सुरुवात झाली. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढतात, प्रयोगशाळेत त्यांच्यात जनुक घालून कॅन्सरपेशीवरची सीडी-नाइंटीन ही खूण ओळखायला शिकवतात, वाढवतात आणि परत रक्तात सोडतात. बी प्रकारच्या ल्युकेमियासाठी (रक्ताचा कॅन्सर) आणि लिम्फोमासाठी (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) आहे, पंधरा वर्षांवरच्यांना, आधीचे उपचार लागू पडले नसतील तर. २०२५ मध्ये छापलेल्या निकालात शंभरात सुमारे ७३ जणांना गुण आला. सगळ्यांना तो टिकला असे नाही, काहींचा आजार परत आला. परदेशात हाच उपचार तीन-चार कोटींना पडतो, इथे त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात. आपल्या माणसाला तेवढेही डोंगराएवढेच. पण मुलगा बावीसचा आहे. त्याच्या डॉक्टरांना ‘बी प्रकार आहे का, सीडी-नाइंटीन आहे का’ हे आज विचारा, आणि टाटाला कागद पाठवून सल्ला घ्या. पैशांचे बोलणे त्यानंतर.

झाडपाल्याबद्दल मी त्या आजीचा अनादर करणार नाही. माझ्या आजीनेही कावीळ उतरवली म्हणून लोक सांगायचे. पण व्हिंक्रिस्टिन हे ल्युकेमियाचे औषध सदाफुलीपासूनच निघाले, आपल्या तुळशीवृंदावनाशेजारची सदाफुली. एका पानात किती, हे मोजून, गाळून, चुकीची मात्रा टाळून ते सलाइनमध्ये आले तेव्हा मुले वाचू लागली. त्या मुलाला ते बहुधा आधीच मिळालेले आहे. केमो चालू असताना न मोजलेला रस पोटात गेला तर यकृत दुखावते आणि पुढचा डोस पुढे ढकलावा लागतो. घरच्यांना म्हणा, काही देत असाल तर निदान डॉक्टरांपासून लपवू नका.


सुरंगी | ११ फेब्रुवारी, दुपारी १२.४०

मी बरेच दिवस फक्त वाचते. आज लिहिते. माझ्या मोठ्या बहिणीची गाठ नोव्हेंबरात एका खाजगी ठिकाणी काढली. म्हादईताई, तुमचा धागा वाचून मी तिची फाइल उघडली. रिपोर्टमध्ये ‘कॅन्सर आहे’ आणि गाठीचे माप, एवढेच. ईआर नाही, पीआर नाही, हर-टू नाही. तिला चार केमो झाल्यासुद्धा. आता काय करू? गाठ तर काढून टाकली.


हिस्टोवाला | ११ फेब्रुवारी, दुपारी १.०५

सुरंगीताई, घाबरू नका. गाठ काढली तरी तिचा तुकडा मेणात बसवून ठेवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. आगपेटीच्या निम्म्याएवढा, खोलीच्या तापमानात वर्षानुवर्षे राहतो. तो बहिणीचा आहे. ज्या लॅबने रिपोर्ट दिला तिथे जा, रिपोर्टवरचा नमुना क्रमांक सांगा आणि ब्लॉक व काचा लेखी अर्ज करून मागा. फोनवर नाही, स्वतः जा.

एक विचारून घ्या, गाठ फॉर्मलिनमध्ये नीट होती का. माझ्याकडे एकदा लोणच्याच्या बरणीएवढ्या डब्यात तळाला बोटभर फॉर्मलिन आणि वर उघडी पडलेली गाठ आली होती. गाठीच्या दहापट फॉर्मलिन लागते. त्या बाईची तपासणी आम्ही तीनदा केली, रंग धडपणे चढलाच नाही. अजून तिचा क्रमांक आठवतो.


म्हादईकाठ | ११ फेब्रुवारी, दुपारी १.२०

सुरंगी, मी येते तुझ्याबरोबर. उद्या माझी सुट्टी आहे. कुठे भेटायचे ते मेसेज कर. बहिणीचा आधार कार्ड, रिपोर्टची मूळ प्रत आणि तिच्या सहीचे पत्र घे.


सुरंगी | १२ फेब्रुवारी, रात्री ८.४५

ब्लॉक मिळाला. पहिल्यांदा म्हणाले, साहेब नाहीत, सोमवारी या. म्हादईताई खुर्चीवर बसून राहिल्या, म्हणाल्या, आम्ही थांबतो. दोन तास थांबलो. मग आतल्या मुलीने खण उघडला आणि छोट्या पिशवीत घालून आणून दिला. पिवळट मेणात तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा करडा तुकडा. एवढ्याशा तुकड्यात माझी बहीण आहे असे वाटून हात थरथरले. येताना बसमध्ये तो दोन्ही हातांत धरून बसले होते. संध्याकाळीच गोमेकॉत दिला.


सुरंगी | २३ फेब्रुवारी, सकाळी ११.१५

रिपोर्ट आला. ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह. हर-टू टू प्लस.

डॉक्टर म्हणाले, हार्मोनच्या गोळ्या ठरल्याच, त्या पाच वर्षे तरी. हर-टूसाठी तुकडा फिशला पाठवला आहे, निकाल दहा-बारा दिवसांत. केमोचा पुढचा डोस तोवर ठरल्याप्रमाणेच.

ताईने विचारले, टू प्लस म्हणजे चांगले की वाईट. मी तिला आंबोळीची गोष्ट सांगितली, कडा अजून नीट भाजली नाही, तवा थोडा वेळ राहू दे. ती हसली. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा.